सगळ्यांत पुढं रंगा

उंबरापाशी वाट फुटते, आणि नेमका तिथंच प्रल्हाद बुटाची नाडी बांधायला बसला. बसला तोही डावीकडच्या वाटेच्या अगदी मधोमध, पाठपिशवी काढून, पंगतीला बसल्यासारखा ऐसपैस.

"आत्ता ओढ्यात बांधलीस ना रे?" मी विचारलं.

"सुटली."

"सुटली कशी?"

"नाडी आहे, सुटते. तुला काय पंचनामा करायचाय?"

रंगा पुढं उभा होता. कानटोपी मागं सारून तो एकदा उजवीकडं बघत होता, एकदा डावीकडं. उजवीकडची वाट चांगली रुंद, गुरांनी मळलेली. डावीकडची गवतात शिरलेली, असून नसल्यासारखी. जानेवारीतलं वाळकं गवत कमरेएवढं वाढलेलं होतं आणि दवानं ओलं झालेलं होतं. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि पायांच्या बोटांचा पत्ता नव्हता. रंगाची नजर फिरत फिरत प्रल्हादवर आली, त्याच्या पिशवीवर थांबली, आणि तो म्हणाला, "चला, डावीकडून."

"वा," अन्वर मागून म्हणाला. जरा जास्तच जोरात म्हणाला.

वाट बरोबर होती. निंबाऱ्याच्या डोंगरावर डावीकडूनच जायचं असतं. प्रल्हादच्या पाठीत एक धपाटा घालावा असं फार मनात आलं.

रंगा म्हणजे रंगनाथ घुगे, नाशिकच्या एका शाळेत खेळाचे सर. प्रल्हाद दुसाने सराफ, आणि अन्वर पिंजारी मूळचा मालेगावचा, त्याचा फोटो स्टुडिओ. मी हेमा. सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यामुळं सगळ्यांवर ओरडायची सवय आणि हौस दोन्ही. आम्ही चौघं विशीपासून एकत्र डोंगर हिंडलो. हिवाळा आला की रविवारी घरी कुणी सापडायचं नाही. चालण्याचा आमचा एक क्रम पडून गेला होता. सगळ्यांत पुढं रंगा, मग मी, मग प्रल्हाद, आणि शेवटी फोटो काढत रेंगाळणारा अन्वर. कुणी ठरवलेलं नव्हतं. रंगाला वाट सापडायची, एवढंच. धुकं असो, वणव्यानं सगळा डोंगर काळा झालेला असो, तो जरा थांबायचा, नाक वर करायचा आणि चालायला लागायचा. आम्ही मागून शिव्या घालायचो, "कुठं नेतोस मेल्या, मारतोस का आम्हाला" म्हणायचो, आणि निमूट त्याच्या मागं जायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो शाळेतून घरी येताना चुकला. रोजचा रस्ता. स्कूटरवरून भलतीकडंच गेला, आणि एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर बसून राहिला. त्या पंक्चरवाल्यानं त्याच्या फोनवरून घरी कळवलं. मग डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले, आणि विसरण्याचा जो आजार म्हातारपणी होतो तो रंगाला पन्नाशीतच झालाय असं निघालं. डॉक्टर शालनला, म्हणजे रंगाच्या बायकोला, समजावून सांगत होते तेव्हा मी शेजारी उभी होते. मला त्यातलं सगळं ठाऊक होतं. हा आजार परत फिरत नाही, हे मी वॉर्डात किती जणांना सांगितलं असेल. त्या दिवशी मी नुसती शालनचा हात धरून उभी राहिले.

रंगानं मात्र ते मानलंच नाही. "दमलो होतो," म्हणाला. "दिवाळीची कामं, शाळेच्या स्पर्धा. एक वळण चुकलं तर तुम्ही मला वेड्यात काढलंत."

खरा प्रश्न होता शिबिराचा. दर जानेवारीत रंगा नववीच्या मुलांना निंबाऱ्यावर घेऊन जायचा. त्या मुलांवर त्याचा भारी जीव. स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण नाशकात कुठंही जा, "सर" म्हणून पाया पडणारा एखादा बाप्या भेटायचाच. शालन म्हणाली, या वर्षी शिबिर दुसऱ्या सरांना द्या. रंगा भडकला. खूप बोलाचाली झाल्या, आणि शेवटी त्यानंच तोड काढली. हेमाला, प्रल्हादला आणि अन्वरला घेऊन मी निंबारा चढून उतरून दाखवतो. कुणी वाट सांगायची नाही. एकदा जरी चुकलो तर शिबिर गायधनी सरांना. नाही चुकलो तर हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही.

शालन माझ्याकडं आली होती आदल्या दिवशी. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"हेमाताई, ते दोघं ह्यांच्याच बाजूनं बोलणार. तुम्ही मला खरं सांगा."

"सांगेन."

"वाईट असलं तरी सांगा. मुलांचा प्रश्न आहे. कुणाच्या घरची एकुलती एक असतात हो."

"सांगेन म्हटलं ना," मी म्हणाले. जरा तुसडेपणानंच म्हणाले, कारण नाहीतर दोघी तिथंच रडायला लागलो असतो.

तर अशी ती परीक्षा होती, आणि प्रल्हाद पेपर फोडत होता.

उंबराच्या पुढं चढ लागला. रंगाचा दम पहिल्यासारखाच होता. आम्ही तिघं फां फूं करत होतो आणि हा बोलत बोलत चढत होता.

"एका वर्षी काय झालं माहितीय का," तो म्हणाला. "एका पोरानं शिबिराला दप्तरात कोंबडा आणला. जिवंत. आजीनं दिला म्हणाला, सरांना रस्सा करून घाला. रात्रभर तंबूत कोंबडा. कुणाला झोप नाही."

आम्ही हसलो. गोष्ट आमच्या चांगल्या ओळखीची होती, पण रंगा ती सांगायचाच छान. पुढं एक दगडी चौथरा लागला, शेंदूर फासलेला. तिथं पुन्हा दोन वाटा. रंगा थांबला. या वेळी नाक वर केलं नाही. नुसता थांबला, आणि हळूच मागं वळून आमच्याकडं बघितलं.

"अरे, उजेड काय मस्त पडलाय," अन्वर म्हणाला आणि कॅमेरा काढत वरच्या अंगाच्या वाटेनं चार ढांगा पुढं गेला. "थांबा, तुमचा एक काढतो. या, या, असेच चालत या माझ्याकडं."

रंगा त्याच्याकडं चालत गेला. आमचा फोटो निघाला, आणि वाटही निघाली.

मी प्रल्हादचा दंड धरून त्याला मागं ओढलं.

"काय चाललंय तुमचं?"

"काय?"

"मला शहाणपणा शिकवू नकोस. त्याला वाट दाखवताय तुम्ही."

"मग? पास करायचंय ना त्याला?" प्रल्हाद दबक्या आवाजात म्हणाला. "तू बघितलंस का त्याच्याकडं गाडीत? एक अक्षर बोलत नव्हता. आता बघ. गोष्टी सांगतोय. किती दिवसांनी हसला माणूस."

"आणि पुढच्या आठवड्यात? तेव्हा तिथं कोण बसणारे नाडी बांधत? नववीतलं पोरगं?"

"शाळेचे आणखी सर असतात बरोबर."

"त्यांच्यातला एक तरी कधी त्याच्याशिवाय निंबाऱ्यावर आलाय का? सगळे त्याच्या भरवशावर येतात. आपण आलो तसेच."

प्रल्हादनं माझा हात झटकला. "पुढचं पुढं बघू. आज त्याला हरलेला बघायची माझी ताकद नाही, हेमा. तुझी असेल तर तू सांग."

माझी कुठं होती. मी पुढं झाले.

वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. निम्म्या झिजलेल्या, एका ठिकाणी तर तुटूनच गेलेल्या. तिथं खाली दरी आहे आणि हाताला धरायला फार थोडं आहे. मला तिथं नेहमी भीती वाटायची. रंगा सरसर वर गेला आणि पालथं झोपून त्यानं हात खाली सोडला.

"हेमे, डावा पाय आधी. अगं डावा. आता हात तिथं नको, त्याच्या वर खोबण आहे. चाचपड. सापडली? आता वजन टाक. घाबरू नकोस, मी आहे."

खोबण तिथंच होती. त्याचा हात गरम आणि घट्ट होता. मी वर आले आणि तिथंच कातळावर बसले. मला वाटलं, डॉक्टर चुकले असतील. होतं असं कधी कधी. इतकं ज्याच्या हातापायांत आहे त्याच्या डोक्यातून ते जाईल कसं? एवढी वर्षं सिस्टर असून मी हे मनात आणलं. माणसाला आशा लागली की अक्कल राहत नाही.

"एका वर्षी काय झालं माहितीय का," रंगा म्हणाला. "एका पोरानं शिबिराला दप्तरात कोंबडा आणला. जिवंत."

प्रल्हादनं माझ्याकडं बघितलं नाही. अन्वर गवताची काडी मोडत राहिला. आम्ही तिघंही पुन्हा हसलो, कोंबडा आला तिथं आणि आजी आली तिथं, बरोबर जागच्या जागी.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, पण वारा असा की डोळ्यांतून पाणी. आम्ही पडक्या दरवाज्याच्या आडोशाला बसलो. मी भाकरी आणि ठेचा काढला, प्रल्हादनं खजूर. रंगा बसेचना. तो कडेला गेला, सगळीकडं हात करून नावं घेऊ लागला, हा अमका डोंगर, तो तमका. दोन नावं चुकली. बाकी बरोबर होती. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच्याकडं बघवेना.

"बघितलंत ना," तो म्हणाला. "एक तरी वाट चुकलो का? खरं सांगा."

"नाही भो," अन्वर म्हणाला.

"परल्या?" त्यानं प्रल्हादकडं बघितलं.

"छे. चुकायचं नाव नको."

"हेमे?"

मी भाकरीचा घास तोंडात कोंबला आणि मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही अशी. त्याला ती चालली. त्यानं फोन काढला. पठारावर एका कोपऱ्यात रेंज मिळते.

"शालन, आणलं का नाही वर? तिघांना आणलं. एकदासुद्धा अडखळलो नाही. विचार हेमाला. आता ठरलं तसं, हं. शिबिराचा विषय बंद." तो हसत होता. त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि उड्या मारत टाक्याचं पाणी बघायला गेला.

"हेमाताई," शालन म्हणाली. "खरंच?"

तिच्या आवाजात एवढी आशा होती. तिलाही तेच हवं होतं, तो चुकीचा नाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं. वारा फोनमध्ये शिरत होता.

"अजून उतरायचंय," मी म्हटलं. "खाली आल्यावर सांगते."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटतं तिला तेव्हाच समजलं.

मी त्या दोघांना जवळ बोलावलं. रंगा लांब टाक्याच्या काठावर ओणवा होऊन पाण्यात बघत होता.

"उतरताना कुणी काही करायचं नाही. नाडी नाही, फोटो नाही, खोकला नाही. त्याच्या मागं चालायचं."

"हेमा, नको," अन्वर म्हणाला. "मी हात जोडतो."

"खिंडीत तो चुकणार," प्रल्हाद म्हणाला.

"मग चुकू दे. कड्याच्या आधी मी त्याला धरते. पण त्याला कळू दे."

"तुझं काळीज दगडाचं आहे."

"असू दे. शालनला तोंड मला दाखवायचंय. तिनं मला मुलांचं म्हणून विचारलंय. तुम्ही दोघं सांगा तिला की पाठवा, काही होत नाही. आहे हिंमत? लावा फोन."

कुणी फोन लावला नाही. प्रल्हाद खजुराच्या बिया उगाच गोळा करत बसला, आणि मग त्यानं मान हलवली.

उतरायला लागलो. पायऱ्यांवरून रंगानं पुन्हा सगळ्यांना नीट खाली घेतलं, एकेकाचा पाय हातानं खोबणीत ठेवून. त्याखाली खिंड येते. खिंडीतून डोंगराच्या दोन सोंडा खाली जातात. एक आमच्या चौथऱ्याकडं आणि उंबराकडं. दुसरी पश्चिमेला, दिसायला जास्त सरळ आणि रुंद, पण पुढं जाऊन कड्यावर तुटते. रंगा थांबला. मागं वळून बघितलं. मी जमिनीकडं बघत होते. प्रल्हादनं डोळे मिटून घेतले होते. अन्वरनं कॅमेरा पिशवीत घालून वर गाठ मारली होती.

"काय रे, सगळे गपगार?" रंगा म्हणाला. "दमलात? चला, आता काय, घरंगळत जायचंय."

आणि तो पश्चिमेच्या सोंडेवर उतरला.

त्या सोंडेवरून आम्ही चाललो ते मला अजून स्वप्नात दिसतं. रंगा पुढं. मी त्याच्या पाठीमागं इतक्या जवळ, की हात लांब केला असता तर त्याची पिशवी धरता आली असती. तो मजेत होता. या वर्षी मुलांना टाक्याजवळ मुक्कामाला ठेवीन म्हणाला, रात्री तारे दाखवीन म्हणाला. गायधनीला बरोबर घेईन, तो शिकेल. मग कोंबड्याची गोष्ट काढली. या वेळी आम्ही हसलो नाही. त्यानं ती गोष्ट एकट्यानंच पुरी केली.

हळूहळू गवत दाट झालं. पायाखालची वाट कधी संपली ते कळलंही नाही. रंगाचं बोलणं कमी झालं. पाऊल सावकाश पडायला लागलं. एकदा तो थांबला, दोन पावलं उजवीकडं गेला, परत आला. मला ओरडावंसं वाटलं, रंगा, मेल्या, कुठं नेतोस आम्हाला. सगळा जन्म मी ते ओरडत आले होते. आता नेमकं तेच तोंडातून येईना.

गवत संपलं आणि समोर मोकळं आभाळ आलं. तो आपणहूनच थांबला, कड्यापासून चांगला लांब. तेवढी त्याच्या पायांना अजून जाण होती. खाली खूप खोल एका धरणाचं पाणी चमकत होतं.

"हे धरण कुठलं?" त्यानं विचारलं.

अन्वरनं पिशवीची गाठ आवळली.

"गाव इथं पाहिजे. आपली गाडी." त्यानं बोट केलं. बोटाच्या टोकाला नुसतं पाणी होतं. "गाव कुठं गेलं?"

तो वळला. आमच्या तिघांकडं बघितलं, एकेकाच्या तोंडाकडं. प्रल्हाद हमसून हमसून रडत होता, एवढा दांडगा माणूस, शाल तोंडात कोंबून.

"हेमे," रंगा म्हणाला. "खिंडीतून दुसरीकडं जायचं होतं का?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो रे."

त्यानं टोपी काढून हातात घेतली. विचार करत होता. त्याला विचार करायला किती जड जात होतं ते दिसत होतं, पण तो सोडत नव्हता.

"मग वर जाताना? वर तर बरोबर गेलो."

मला खोटं बोलता आलं असतं. वर जाताना बरोबर होतास, उतरताना दमलास, असं म्हटलं असतं तर निदान अर्धा डोंगर त्याच्याकडं राहिला असता. पण मग त्यानं त्या अर्ध्यावर पुन्हा भांडण मांडलं असतं, आणि मुलं त्याच्या मागं निघाली असती.

"नाही," मी म्हटलं. "वर जातानाही नाही. ह्या दोघांनी वाट दाखवली."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

अन्वर म्हणाला, "रंगा, मी फक्त फोटो..." आणि कॅमेऱ्याची पिशवी मागं सारली.

रंगा चिडेल असं मला वाटलं होतं. तो खाली बसला. कड्याकडं पाठ करून, ज्या सोंडेवरून आलो त्या सोंडेकडं तोंड करून. आम्ही गवत तुडवत आलो होतो त्याचा एक पट्टा वरपर्यंत दिसत होता. तो त्या पट्ट्याकडं खूप वेळ बघत राहिला, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माझ्यामागं पोरं असती, हेमे."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याचा हात धरला. आता तो गार पडला होता. दवाखान्यात मी लोकांना सांगायचे, धीर धरा, होईल सगळं नीट. रंगाला ते सांगायची माझी जीभ वळेना.

मग तो उठला, पाठीचं गवत झटकलं. "तू हो पुढं," म्हणाला.

मी पुढं झाले. आयुष्यात पहिल्यांदा. परत खिंडीपर्यंतचा तो चढ, मग चौथरा, मग उंबर. सबंध वाटेत रंगा माझ्या मागं होता आणि माझ्या पिशवीचा पट्टा धरून चालत होता. ओढत नव्हता, नुसता धरलेला. मला प्रत्येक फाट्यावर धाकधूक. एवढी वर्षं त्याच्या पाठीकडं बघत चालले होते, वाट मी कधी नीट बघितलीच नव्हती.

गाडीपाशी आल्यावर रंगानंच फोन मागितला.

"शालन," तो म्हणाला. "नाही सापडली गं वाट." मग तिकडचं ऐकत राहिला. "हो. नको रडूस. ठरलं तसं. गायधनीला मीच फोन करतो." आणि आमच्यासमोर, गाडीच्या पायरीवर बसून, त्यानं गायधनी सरांना फोन केला. माझी तब्येत बरी नाही, या वर्षी शिबिर तुम्ही न्या, निंबाऱ्यावर नका जाऊ, जवळच कुठंतरी न्या, असं शांतपणे सांगितलं. मुलांना स्वेटर आणायला सांगा, हेही सांगितलं. प्रल्हाद गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला होता.

येताना गाडीत मला वाटलं, संपलं. जे व्हायचं ते झालं, आणि रंगानं ते आमच्यापेक्षा मोठ्या मनानं घेतलं. आता तो घरी बसेल, हळूहळू सगळं विसरेल, आणि आम्ही जमेल तसं त्याच्याकडं जात राहू. यापेक्षा वाईट आता काही नाही. मी खरोखर असं समजत होते.

मधे काही दिवस गेले. एका सकाळी मी ड्यूटीवर निघायच्या गडबडीत होते, तेव्हा दाराची बेल वाजली. दारात रंगा. पाठीवर मोठी पिशवी, गळ्यात शिट्टी, पायांत बूट. दाढी गुळगुळीत केलेली. रागानं लाल झालेला.

"हेमे, तू चल आधी माझ्या घरी," तो म्हणाला. "शालनला काय झालंय कळत नाही. मला शिबिराला जाऊ देत नाही. दाराला आतून कडी लावून उभी राहिली. मी मागच्या दारानं आलो."

"आत ये, रंगा. बस."

"बसायला वेळ नाही, शाळेची बस सुटेल. ती म्हणते, मीच गायधनीला फोन करून सांगितलं, तुम्ही न्या. मी कशाला सांगेन असं? ती म्हणते, निंबाऱ्यावर मी वाट चुकलो." तो हसला. मला त्याचं ते हसू पाठ होतं. "मी, आणि निंबाऱ्यावर. तू सांग तिला. इतकी वर्षं माझ्यामागून चालतेयस. मी कधी वाट चुकलोय का?"

मी त्याची पिशवी उतरवून घेतली. त्याला खुर्चीत बसवलं आणि समोर बसले. त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काही नव्हतं. ती सोंड नव्हती, धरण नव्हतं, गाडीच्या पायरीवरून केलेला फोन नव्हता. सगळं पुसून स्वच्छ झालेलं, आणि वर तो माझ्यावर भरवसा ठेवून बघत होता.

बाहेर रिक्षा उभी होती. त्याला घेऊन ती शाळेपर्यंत गेली असती.

मी सांगितलं. उंबरापासून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही. तो मधे मधे "नाही" म्हणत होता, मग "नाही" म्हणायचा थांबला. शेवटी सोंडेपर्यंत आले तेव्हा त्याचा चेहरा परत तसाच झाला, कड्यावर झाला होता तसा, तितकाच, जराही कमी नाही. शिट्टी हातात घट्ट धरून तो म्हणाला, "माझ्यामागं पोरं असती, हेमे."

मी ते दुसऱ्यांदा ऐकत होते. त्याला ते आत्ताच कळलं होतं.

मग मी आत जाऊन शालनला फोन लावला. इकडं आहे म्हटलं, काळजी करू नकोस. सगळं सांगितलंय त्याला, समजलंय, शांत बसलाय.

"काल मीही सांगितलं होतं," शालन म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "परवाही सांगितलं. दर वेळी आधी रडतात, मग अस्सेच शांत बसतात हो. सकाळी उठून परत पिशवी भरतात. हेमाताई, उद्या तुम्ही सांगाल का? माझ्याच्यानं नाही आता होत."

बाहेरच्या खोलीत रंगा हळूहळू बुटांच्या नाड्या सोडत होता. मी सांगेन म्हटलं.